आतड्यांचे आवाज: ऐकावेत कसे, मोजावेत कसे, लिहावेत कसे

सर्जिकल वॉर्डातली कुठलीही फाइल उघडा, नर्सिंग नोटमध्ये 'बीएस प्लस' (बॉवेल साउंड्स, म्हणजे आतड्यांचे आवाज, आहेत) एवढंच लिहिलेलं हमखास सापडतं. किती वेळ ऐकलं, पोटाच्या कुठल्या भागात ऐकलं, राइल्स ट्यूबचं (नाकातून जठरात घातलेल्या नळीचं) सक्शन तेव्हा चालू होतं की बंद, यातलं काहीच त्या 'प्लस'मधून कळत नाही. आणि रात्री दोन वाजता पेशंटचं पोट फुगायला लागलं की ड्यूटीवरच्या सिस्टरला नेमकं तेच हवं असतं: संध्याकाळपेक्षा आता काय बदललं?

इंदूरच्या रुग्णालयांत नव्याने रुजू झालेल्या सिस्टर आणि ब्रदरसाठी, जीएनएम आणि बीएससी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींसाठी हे लिहिलं आहे. इथल्या वॉर्डात धार, झाबुआ, खरगोन, बडवानीपासून पेशंट येतात, ऑपरेशनपासून विषबाधेपर्यंत सगळं एकाच आठवड्यात बघायला मिळतं. त्यामुळे कान लवकर तयार होतो, पण आधी ऐकायची पद्धत पक्की हवी.

आवाज कशाचा आणि किती

आतड्यात हवा आणि पाणी दोन्ही असतात. आतड्याची भिंत आवळली की हे मिश्रण पुढे सरकतं, त्याची गुडगुड होते. निरोगी माणसात मिनिटाला साधारण ५ ते ३५ आवाज ऐकू येतात. कधी टिचकीसारखे सुटे, कधी बाटलीतून पाणी ओतल्यासारखे लांबलेले. भुकेल्या माणसाच्या पोटातली मोठी गुरगुर तर स्टेथोस्कोपशिवायही ऐकू येते, आणि तीही नॉर्मलच.

हे आवाज घड्याळाच्या ठोक्यांसारखे एकसारखे येत नाहीत. उपाशीपोटी आतड्यांच्या हालचालीचं एक चक्र चालतं, साधारण ९० ते १२० मिनिटांचं. त्यात बराच वेळ जवळजवळ शांतता असते, मग अधूनमधून हालचाल, आणि शेवटी काही मिनिटं जोरदार लाटा. जेवण झालं की हे चक्र मोडतं आणि हालचाल बराच वेळ चालू राहते. म्हणजे एकाच पेशंटचे सहा वाजता ४ आवाज आणि सात वाजता २० आवाज आले, तरी दोन्ही वेळा कान बरोबरच असू शकतो. एक मिनिट ऐकून 'आवाज नाहीत' असं लिहिणं म्हणूनच चूक आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. अमेरिकेत वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये जठर आणि आतड्यांच्या तालबद्ध आवाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हापासून पोट ऐकण्याची रीत रुजली आहे, पण या तपासणीच्या मर्यादाही तितक्याच पक्क्या आहेत. दोन अनुभवी कान एकच पोट ऐकून वेगवेगळं मत देतात. आवाज पोटभर पसरतो, त्यामुळे उजवीकडे खाली ऐकू आलेली गुडगुड डावीकडे वरही झालेली असू शकते. चार भागांत ऐकायचं ते एकही भाग सुटू नये म्हणून. आवाज नेमका कुठून आला ते त्यावरून ठरत नाही. म्हणून आवाजाची नोंद कधीच एकटी लिहू नये. पोट मऊ की कडक, फुगलं की नाही, वारा सरला का, उलटी झाली का, दुखतं कसं, हे सगळं सोबत हवंच.

स्टेथोस्कोप लावण्याआधी

आधी खोली शांत करा. वॉर्डात हे सगळ्यांत अवघड काम. पंखा, कूलर, एअर बेडचा पंप, ऑक्सिजनच्या बाटलीतले बुडबुडे, शेजारच्या बेडचं सक्शन, नातेवाइकांचा मोबाइल, या प्रत्येकाचा आवाज नवख्या कानाला पोटातला वाटू शकतो. लग्नसराईत खिडकीखालून वरात गेली तर पाच मिनिटं थांबा, घाईने ऐकून काहीतरी लिहू नका.

राइल्स ट्यूब सक्शनला लावलेली असेल तर ऐकण्यापुरतं सक्शन बंद करून ट्यूब क्लॅम्प करा. नाहीतर सक्शनची घरघर जठरातून थेट कानात येते आणि निपचित पडलेलं पोटही 'प्लस' होऊन जातं. नव्या लोकांकडून सर्वांत जास्त होणारी चूक हीच. ऐकून झालं की सक्शन पुन्हा सुरू करायला विसरू नका. क्लॅम्प तसाच राहिला की जठर भरतं, पेशंट उलटी करतो आणि ती श्वासनलिकेत जायची भीती असते. क्लॅम्प लावलेला हात दुसऱ्या कामाला लावायचा नाही, ही सवय कामी येते.

पेशंटला लघवी करून यायला सांगा, कॅथेटर असेल तर पिशवी रिकामी आणि नळी मोकळी आहे हे बघा. उताणं झोपवा, डोक्याखाली एक उशी, गुडघे थोडे दुमडून त्याखाली दुसरी उशी, हात बाजूला. हात डोक्याखाली घेतले की पोटाचे स्नायू ताणतात. पडदा लावा. छातीच्या हाडाच्या टोकापासून ओटीपोटापर्यंत पोट उघडं हवं, बाकी अंग चादरीने झाकलेलं. गाउनवरून किंवा साडीवरून ऐकू नका, कापड घासल्याचा आवाज थेट आतड्याच्या टिचकीसारखा येतो. पोटावर दाट केस असतील तर तळवा ओला करून ते जरा ओलसर करा, म्हणजे चरचर कमी होते.

स्टेथोस्कोपचा सपाट भाग, म्हणजे डायफ्राम, वापरायचा. त्यावर टिचकी मारून तो चालू बाजूला वळला आहे ना ते बघा. कानातली टोकं नाकाच्या दिशेने पुढे झुकलेली हवीत. डायफ्राम तळहातात धरून कोमट करा. डिसेंबरच्या पहाटे थंडगार धातू लावला की पोट आक्रसतं, पेशंट दचकतो, आणि पहिलं अर्धं मिनिट वाया जातं.

क्रम: बघा, ऐका, मग हात लावा

छाती तपासताना आपण आधी बघतो, मग हाताने चाचपतो, मग ठोकतो, मग ऐकतो. पोटाच्या बाबतीत ऐकणं दुसऱ्या क्रमांकावर येतं. आधी दाबलं तर आतड्यांची हालचाल बदलू शकते, आणि दुखरं पोट असेल तर पेशंट अंग चोरून घेतो, पुढचं काहीच नीट होत नाही.

बघताना घाई नको. बेडच्या पायथ्याशी वाकून पोटाची रेषा बाजूने बघा. फुगलं आहे का, एकाच बाजूला उंचवटा आहे का? जुनी टाक्यांची खूण आहे का? जुन्या ऑपरेशनची खूण म्हणजे आत आतडी चिकटलेली असू शकतात आणि त्यातून अडथळा होऊ शकतो. जांघेत गाठ आहे का? पोटदुखी आणि उलट्या घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाची जांघ कोणी उघडून बघितलीच नाही, आणि अडकलेला हर्निया उशिरा सापडला, असं होऊ देऊ नका. बारीक माणसात कातडीखाली आतड्याच्या लाटा सरकताना दिसल्या तर ते लगेच कळवा.

आता ऐका. सुरुवात उजव्या खालच्या भागापासून, नाभी आणि कमरेच्या हाडाचं टोक यांच्या मधे. लहान आतडं मोठ्या आतड्याला तिथे मिळतं, आवाज बहुतेक वेळा तिथे सापडतो. डायफ्राम हलका टेकवा. उचलल्यावर कातडीवर खोल वळ दिसला तर जोर जास्त झाला. सेकंद काटा असलेलं घड्याळ समोर धरा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. सुटी टिचकी एक, सलग लांबलेली गुडगुड एक. तिथून वर उजवीकडे, मग डावीकडे वर, मग डावीकडे खाली.

एका मिनिटात काहीच आलं नाही तर जागा बदलत पुढे ऐकत राहा. 'आवाज नाहीत' हे शब्द लिहायचे असतील तर घड्याळ लावून किमान पूर्ण ५ मिनिटं ऐकलेलं असलं पाहिजे. पाच मिनिटं उभं राहून शांतता ऐकणं फार लांब वाटतं, म्हणूनच अनेक जण दीड मिनिटात उरकतात. तेवढा वेळ खरंच नसेल तर 'नाहीत' लिहू नका. 'दोन मिनिटांत ऐकू आले नाहीत' असं लिहा, ते खरं असेल. मात्र पेशंट पांढरा पडलाय, घाम फुटलाय, पोट लाकडासारखं कडक आहे, तर पाच मिनिटं मोजत बसू नका. आधी डॉक्टरांना बोलवा.

मग हलक्या हाताने पोट ठोकून बघा. हवा भरलेलं पोट ढोलकीसारखं वाजतं. शेवटी चाचपा, आणि जिथे दुखतंय ती जागा सर्वांत शेवटी. हात लावताना पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायचं, पोटाकडे नाही. पोट फुगलं असेल तर नाभीच्या पातळीवर टेपने घेर मोजा. टेप जिथे टेकला तिथे दोन्ही बाजूंना पेनाने खूण करा, नाहीतर पुढच्या शिफ्टचा टेप दोन बोटं वर लागतो आणि २ सेंटिमीटरचा खोटा फरक निघतो.

कान तयार करायचा असेल तर आजारी पोटापासून सुरुवात करू नका. सकाळी पोहे-जिलेबी खाण्याआधी स्वतःचं पोट ऐका, अर्ध्या तासाने पुन्हा ऐका. होस्टेलमधल्या दहा मैत्रिणींची पोटं ऐका. नॉर्मल किती वेगवेगळं असतं हे कळल्याशिवाय बिघडलेलं ओळखू येत नाही.

'गैस निकली?' हा प्रश्न नीट विचारा

ऑपरेशननंतर आतडी चालू झाली का, हे कळायला वारा सरणं आणि शौचाला होणं ही आवाजापेक्षा जास्त भरवशाची खूण आहे. पण इथे भाषा घोळ करते. हिंदीत 'गैस निकली क्या?' विचारलं की ढेकर आलेला पेशंटही 'हाँ' म्हणतो. पोट फुगलेल्याला ढेकर येणं आणि खालून वारा सरणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सरळ विचारा: 'ऊपर से कि नीचे से?' तसंच 'पेट साफ हुआ?' याला लोक सवयीने हो म्हणतात. त्याऐवजी 'आखिरी बार लैट्रिन कब गए, पतली हुई कि कड़क?' विचारलं की खरं उत्तर येतं.

रामबाग किंवा नारायणबागेतली मराठी आजी असेल तर तिला 'आजी, वारा सरला का? परसाकडे कधी झालं होतं?' असं तिच्याच शब्दांत विचारा. चार माणसांसमोर ती सांगणार नाही, पडद्याआड हळू आवाजात सांगेल. झाबुआ-आलीराजपूरकडच्या भिली बोलणाऱ्या बाईला हिंदी प्रश्न अर्धाच कळतो. सोबतच्या बाईकडून विचारून घ्या, पुरुष नातेवाइकाकडून नको.

ऑपरेशन झालेला पेशंट

पोट उघडल्यावर आतडी काही काळ थंड पडतात. भूल, आतड्यांची हाताळणी, दुखणं थांबवायची अफूवर्गातली औषधं (वॉर्डातलं ट्रामाडॉल धरून), सगळ्यांचा मिळून तो परिणाम. लहान आतडं साधारण पहिल्या २४ तासांत जागं होतं, जठर २४ ते ४८ तासांत, मोठं आतडं ४८ ते ७२ तासांत. या क्रमामुळेच पहिल्या दिवशी गुडगुड ऐकू येते आणि तरी वारा सरलेला नसतो. आवाज आले म्हणजे पूर्ण रस्ता खुला झाला असं नाही.

उलटही खरं. पूर्वी आवाज येईपर्यंत पेशंटला पाण्याचा थेंब देत नसत. आता अनेक ऑपरेशनांनंतर आवाजाची वाट न बघता लवकर घोट-घोट पाणी सुरू करतात. हा निर्णय सर्जनचा. आपलं काम त्यांना नेमकी माहिती देणं आणि फाइलमध्ये एनबीएम (तोंडाने काही द्यायचं नाही) असताना घरून आलेला डबा आजोबांपर्यंत पोचू न देणं. 'बस दो चम्मच पोहे दिए, सिस्टर' हे वाक्य इथे प्रत्येक सर्जिकल वॉर्डात कानावर येणारच. नातेवाइकांवर ओरडून उपयोग नाही. आतडी अजून झोपली आहेत, खाल्लेलं पुढे सरकणार नाही आणि उलटीतून टाके ताणतील, असं कारण समजावून सांगितलं की ऐकतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीही पोट फुगलेलं, आवाज तुरळक किंवा नाहीत, मळमळ आहे, वारा नाही, असं असेल तर आतडी लकवा मारल्यासारखी पडली आहेत असं समजून कळवायचं. सोबत पोटॅशियमचा रिपोर्ट हातात ठेवा. नॉर्मल ३.५ ते ५ असतं, ते घसरलं की आतड्यांचे स्नायू हलत नाहीत. राइल्स ट्यूबमधून दिवसाला किती निघालं हे इनटेक-आउटपुट चार्टवर असतंच, त्याचा आणि पोटॅशियमचा थेट संबंध आहे. अडचण नसेल तर पेशंटला उठवून चार पावलं चालवा.

अडथळा: आवाज वाढतो, मग जातो

आतड्याचा रस्ता कुठेतरी बंद झाला की वरचं आतडं जोर लावून ढकलू लागतं. म्हणून सुरुवातीला आवाज वाढतात, तेही उंच स्वराचे, रिकाम्या पातेल्यात थेंब पडावेत तसे टिणटिण. ते झटक्याने येतात, आणि नेमके पोटात कळ येते त्याच वेळी. पेशंट कळवळतो तेव्हा डायफ्राम पोटावर हवा. कळ ओसरल्यावर ऐकलं तर पोट शांत सापडेल आणि चुकीचं लिहिलं जाईल.

हळूहळू आतडं थकतं, आवाज मंदावतात. टिणटिण ऐकू येणारं पोट अचानक गप्प झालं, दुखणं मात्र कळ न राहता सतत झालं, नाडी वाढली, ताप आला, तर त्याला 'आराम पडला' समजू नका. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची किंवा ते फुटल्याची ती खूण असू शकते. हे मिनिटांत कळवायचं.

आपल्याकडे जुन्या टाक्यांखाली चिकटलेली आतडी, अडकलेला हर्निया, पोटाचा टीबी, मोठ्या आतड्याला पडलेला पीळ, लहान मुलांत जंतांचा गोळा, ही कारणं मनात असू द्या. मळमळ थांबवायला मेटोक्लोप्रमाइड लिहिलेलं असेल आणि अडथळ्याची शंका असेल, तर सुई भरण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा. ते औषध आतड्याला ढकलायला लावतं.

आवाज नॉर्मल आहेत म्हणून पोट नॉर्मल, असंही नाही. आतड्याची रक्तवाहिनी बंद पडते तेव्हा सुरुवातीला पोट मऊ आणि आवाज ठीक असतात, पण पेशंट दुखण्याने तळमळतो. दुखणं आणि तपासणी जुळत नसतील, त्यातून नाडी अनियमित असलेला वयस्कर पेशंट असेल, तर विश्वास दुखण्यावर ठेवा.

जुलाब झालेलं मूल

जुलाबात आवाज भराभर, जवळजवळ सलग येतात. त्यात विशेष काही नाही. आपलं लक्ष डोळे खोल गेलेत का, कातडीची चिमटी किती वेळात परत जाते, मूल पाणी मागतंय की पिऊ शकत नाही, यावर हवं. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले, पोट मात्र फुगलं आणि आवाज गेले, तर आई 'अब ठीक है' म्हणाली तरी मान डोलावू नका. दोन कारणं लगेच तपासा. एक, जुलाबातून पोटॅशियम गेलं. दोन, कोणीतरी घरी जुलाब बंद करायची गोळी दिली. लोपरामाइड लहान मुलांना देऊ नये ते याचसाठी, आतडी पडतात. 'दवाई दी क्या?' विचारलं तर आई नाही म्हणते. 'मेडिकल से कोई गोली लाए थे क्या, पुड़िया दिखाइए' म्हटलं की पिशवीतून पुडी निघते.

विषबाधा: इथे आवाजाला वजन आहे

माळवा-निमाडात शेतीचं औषध पोटात गेलेले पेशंट येतात, आणि इथे आतड्यांच्या आवाजाला खरोखर वजन आहे. ऑरगॅनोफॉस्फेट वर्गाच्या कीटकनाशकाने शरीरातली सगळी पाझरणारी यंत्रं सुटतात: लाळ, घाम, जुलाब, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीएवढ्या, आणि आवाज जोरात.

मग त्यावरचा उतारा, ॲट्रोपिन, चालू होतं. डोस पुरेसा झाला हे छाती स्वच्छ होणं, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, काखा कोरड्या आणि बाहुल्या टाचणीएवढ्या न राहणं, यावरून डॉक्टर ठरवतात. त्याच चार्टवर आवाजाचा रकाना ठेवा. आवाज कमी झाले पण आहेत, तर ठीक. आवाज पूर्ण गेले, ताप चढला, पेशंट बडबड करतोय, पलंगावरून उठून पळतोय, हवेत काहीतरी पकडतोय, लघवी अडली, तर ॲट्रोपिन जास्त झालं आहे. हे चित्र बघून 'पेशंट बिघडतोय' म्हणून आणखी ॲट्रोपिन दिलं जाण्याचा धोका असतो, म्हणून तिन्ही गोष्टी एकत्र सांगा: आवाज, ताप, वागणं. एकट्या आवाजावर ॲट्रोपिनच्या पंपाचा वेग स्वतः बदलायचा नाही. आणि या पेशंटचं पोट ऐकताना छातीकडे आधी कान द्या, तो जातो तो श्वासाने.

धोतऱ्याच्या विषबाधेत कीटकनाशकाच्या नेमकं उलटं. बाहुल्या मोठ्या, कातडी कोरडी तापलेली, तोंड सुकलेलं, आवाज मंद किंवा नाहीत. महादेवाला वाहायला आणलेलं धोतऱ्याचं काटेरी फळ मुलांच्या हाताला सहज लागतं, म्हणून महाशिवरात्रीच्या सुमाराला असं मूल आलं की हे आठवू द्या.

पावसाळ्यात आणखी एक. पहाटे पोटदुखीने उठलेला, जमिनीवर झोपणारा माणूस, पोट मऊ, आवाज ठीक. त्याच्या पापण्या जड होऊन खाली येताहेत का बघा. मण्यार चावलेली कळत नाही, दातांची खूण दिसत नाही, आणि पोटदुखी हे पहिलं लक्षण असू शकतं.

आयसीयू, बाळंतीण, बाळ, वयस्कर

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला ट्यूबमधून अन्न सुरू करायला आवाज ऐकू येण्याची अट आता धरत नाहीत. आवाज नाहीत एवढ्यावरून फीड आपल्या मनाने थांबवू नका. पोट फुगणं, उलटी, जुलाब आणि रक्तदाब बघून डॉक्टरांशी बोला. ट्यूबमध्ये सिरिंजने हवा मारून जठरावर 'भुस्स' ऐकू आलं म्हणजे ट्यूब बरोबर जागी, ही जुनी सवय मात्र सोडाच. ट्यूब फुफ्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. खात्री एक्स-रेने, किंवा ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा त्याहून कमी आल्यावर.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे आतडी सावकाश चालतात, आणि वाढलेल्या गर्भाशयामुळे वर आणि बाजूला सरकतात. शेवटच्या महिन्यांत ओटीपोटावर ऐकून काही मिळत नाही, बरगड्यांखाली आणि कडेला ऐका, आणि बाईला थोडं डाव्या कुशीवर घ्या. उताणं झोपवलं की तिला चक्कर येऊ शकते.

नवजात बाळासाठी छोटा स्टेथोस्कोप घ्या. जन्मानंतर पहिल्या काही तासांत आवाज सुरू होतात. पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना २४ तासांत काळी शी होते, ४८ तास उलटले तरी झाली नाही तर कळवायचंच. हिरवी उलटी ही कोणत्याही बाळात तातडीची गोष्ट, आवाज कसेही असोत. कमी दिवसांच्या बाळाचं पोट फुगलं, दूध पचेना, शीमध्ये रक्त आलं आणि आवाज गेले, तर दूध पुढे पाजू नका, लगेच बोलवा. जन्मतःच बाळाला दम लागलाय, पोट आत खपाटीला गेलंय आणि गुडगुड छातीत ऐकू येतेय, तर छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातून आतडी छातीत गेल्याची शंका घ्या. अशा बाळाला मास्क आणि बॅगने हवा देऊ नये, ती आतड्यात भरते.

वयस्कर माणसात नुसत्या वयाने आवाज फारसे बदलत नाहीत, औषधांनी बदलतात. लोहाच्या गोळ्या, डायसायक्लोमिन, बुस्कोपान, दुखण्याच्या गोळ्या यांची यादी बघा. चार दिवस शौचाला नाही आणि आता थोडंथोडं पातळ होतंय, याला जुलाब समजू नका. कडक झालेल्या गोळ्याच्या कडेने पाणी झिरपत असतं. जुन्या मधुमेहात जठर सुस्त होतं. जेवून चार तासांहून जास्त झाले तरी पोट हलवल्यावर पाण्याची खळखळ येत असेल तर नोंद करा.

जलोदरात आवाज दबून येतो, लठ्ठ पोटात थोडा जास्त वेळ आणि किंचित जास्त दाब लागतो. स्टोमाच्या (पोटावर बाहेर काढलेल्या आतड्याच्या) लाल तोंडावर डायफ्राम ठेवू नका, बाजूला ऐका आणि पिशवीत हवा भरतेय का बघा.

लिहायचं कसं, फोनवर सांगायचं कसं

फाइल इंग्रजीत असते, पण गाभा असा हवा: 'सकाळी ६.१०, सक्शन बंद करून ऐकलं. उजव्या खालच्या भागात १ मिनिटात ३ आवाज, मंद. बाकी तीन भागांत १ मिनिटात १ ते २. पोट मऊ, नाभीपाशी घेर ८६ सेंटिमीटर, काल रात्री १० वाजता ८४. वारा नाही. राइल्स ट्यूबमधून रात्रभरात ४०० मिली, हिरवट. दुखणं १० पैकी ४. ट्रामाडॉल पहाटे ४ वाजता दिलं.' 'नॉर्मल', 'स्लगिश' असे शब्द एकटे ठेवू नका, त्यांच्या आधी आकडा हवा. 'कमी' म्हणजे किती, हे ज्याच्या-त्याच्या कानावर ठरतं.

फोनवर डॉक्टरांशी बोलताना निष्कर्षाआधी बदल सांगा: 'सर, बेड १४, कल आँत का ऑपरेशन हुआ था। शाम को मिनट में आठ आवाज़ें थीं, अभी पूरे पाँच मिनट सुना, एक भी नहीं। पेट कड़क है, पल्स ९२ से ११८ हो गई, बुखार १०१। आप आकर देख लीजिए।' एवढं ऐकल्यावर 'सुबह देखते हैं' म्हणणं कोणालाही जड जातं. तरीही तसं उत्तर आलं तर वेळ आणि उत्तर फाइलमध्ये लिहा आणि वरिष्ठ सिस्टरना सांगा.

शिफ्ट बदलताना ज्या पोटाची काळजी वाटतेय ते दोघींनी मिळून ऐका. चार्ज घेणारीने तुमच्या समोर एक मिनिट मोजावं, म्हणजे तुमचे ३ आणि तिचे ३ एकाच मापाचे होतात, आणि दुपारी तिने ७ लिहिले तर तो फरक कानांचा नसून पोटाचा असेल. मग डायफ्राम आणि कानातली टोकं स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि पुढच्या बेडकडे जा.